गादी आणि खुर्ची

मनुष्य कोणत्या घरांत राहतो ह्यापेक्षां तो कशावर बसतो ह्यावरून त्याची ओळख अधिक पटते, हें म्हणणें थोडें अतिशयोक्तीचें असलें तरी अगदींच निराधार नाहीं. परभणी जिल्ह्यांतील राणीसावरगांवासारख्या गांवीं जुन्या वळणाच्या घरांत बसण्यानिजण्याच्या वस्तूंचा एक क्रम ठरलेला असे. जेवावयास पाट, पूजेस चौरंग, ओसरीवर घोंगडी किंवा जाजम, वडील माणसांस व पाहुण्यांस गादीतक्क्या, दुखणेकऱ्यास बाज, तान्ह्या मुलास पाळणा. लांकडी वस्तु गांवच्याच सुतारानें घडविलेल्या असत. त्यांवर घडविणाराचें नांव नसे. त्यांची किंमत त्यांच्या उपयोगांत असे, आणि उपयोग सरला म्हणजे किंमतहि सरे.

ह्याच्या अगदीं उलट प्रकार आज पश्चिमेकडील लिलांवांत पाहावयास मिळतो. आयलीन ग्रे नांवाच्या आयरिश बाईनें घडविलेली एक आरामखुर्ची २००९ सालीं पॅरिस येथें सुमारें २ कोटि १९ लक्ष युरोंस विकली गेली. एवढी किंमत दिल्यावर त्या खुर्चीवर बसण्याचें धाडस तिचा धनी तरी करील कीं नाहीं, ह्याची शंकाच आहे. बसण्यासाठीं केलेली वस्तु केवळ पाहण्याची वस्तु कशी होते, हा प्रश्न आपणांस परका वाटण्याचें कारण नाहीं. ह्याच बाईनें केलेली दुसरी एक खुर्ची, आणि तिच्या जोडीस त्या काळांतील नामांकित कलावंतांनीं योजिलेलें सामान, एका मराठी राजघराण्याच्या वाड्यांत नित्याच्या वापरांत होतें. तें तेथें कसें आलें व तेथून कसें गेलें, ही हकीकत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तें घराणें इंदूरच्या होळकरांचें. राणीसावरगांवाकडील वाचकानें हें नांव नुसतें ऐकलेलें नसतें. त्या नांवाची खूण त्यानें डोळ्यांनीं पाहिलेली असते. गंगाखेड तालुक्यांतील ह्या गांवाहून परळी वैजनाथ फार लांब नाहीं, आणि परळीच्या ज्योतिर्लिंगाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केला. पूर्वीं परभणी जिल्ह्यांतच मोडणाऱ्या औंढा नागनाथाच्या देवळाचा वरचा भागहि त्यांच्याच काळांत पुनः उभा राहिला. वेरूळच्या घृष्णेश्वराचेंहि तसेंच झालें. अहिल्याबाईंनीं १७६७ पासून १७९५ पर्यंत नर्मदाकांठच्या महेश्वराहून राज्य केलें. राज्य शंकराचें, आपण केवळ त्याच्या वतीनें कारभार पाहतों, अशी त्यांची भावना होती. आज्ञापत्रांवर स्वतःचें नांव न घालतां श्रीशंकराचें नांव घालण्याचा त्यांचा प्रघात सर्वश्रुत आहे. महेश्वरच्या वाड्यांत त्यांची बैठक आजहि दाखवितात. ती म्हणजे एक साधी पांढरी गादी व लोड, ह्यापलीकडे कांहीं नाहीं. हिंदुस्थानच्या चारी दिशांस देवळें, घाट व धर्मशाळा बांधणाऱ्या बाईची ती बैठक पाहून पाहणारा क्षणभर स्तब्ध होतो.

आपल्या भाषेंत गादी हा शब्द अंथरण्याच्या वस्तूसहि लावतात आणि राज्याधिकारासहि लावतात. पुढील काळांत तोच मान खुर्ची ह्या शब्दास मिळाला. ह्या दोन शब्दांमधील अंतर होळकरांच्या घरानें सुमारें १३५ वर्षांत तोडलें, आणि तेंहि अशा रीतीनें कीं, युरोपांतील जाणत्या लोकांनीं तोंडांत बोट घालावें.

तिसऱ्या तुकोजीरावांनीं १९२६ सालीं राज्यत्याग केला व त्यांचे चिरंजीव यशवंतराव गादीवर आले. त्यांचा जन्म १९०८ चा. म्हणजे त्या वेळीं त्यांस नुकतीं सतरा वर्षें पुरीं झालेलीं होतीं. राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हातीं १९३० सालीं आले. कोल्हापुराजवळच्या कागलकर घाटगे घराण्यांतील संयोगिताबाईंशीं त्यांचा विवाह १९२४ सालींच झालेला होता. यशवंतराव शिक्षणासाठीं ऑक्सफर्ड येथें असतां एकार्ट मुथेसियस नांवाच्या एका जर्मन गृहरचनाकाराशीं त्यांचा स्नेह जडला. मुथेसियस १९०४ सालचा, यशवंतरावांहून चार वर्षांनींच वडील. आंरी-पिएर रोशे ह्या फ्रेंच लेखकानें ह्या तरुण मंडळीस पॅरिसच्या चित्रकारांच्या व मूर्तिकारांच्या कार्यशाळांची वाट दाखविली. अतिवास्तववादी चळवळींतला प्रसिद्ध छायाचित्रकार मॅन रे ह्यानें १९३० च्या सुमारास यशवंतराव व संयोगिताबाई ह्यांचीं घेतलेलीं छायाचित्रें उपलब्ध आहेत. त्यांत दरबारी ताठा नाहीं, तलवार नाहीं, पगडी नाहीं. एकमेकांच्या सहवासांत रमलेलें एक तरुण मराठी जोडपें तेवढें आहे. बेर्नार बूते द मोंव्हेल ह्या चित्रकारानेंहि यशवंतरावांचें एक चित्र युरोपीय पोशाखांत काढलें व पुढें दुसरें मराठी दरबारी पोशाखांत काढलें. हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे एकाच मनुष्याच्या मनांतील दोन ओढी स्पष्ट दिसतात.

त्या दशकांत युरोपांत घरांतील सामानाविषयीं दोन निरनिराळे विचार चालू होते. पहिला विचार असा कीं, वस्तूवरील निरुपयोगी नक्षी काढून टाकावी, पोलाद, कांच, अॅल्युमिनिअम ह्या यंत्रयुगांतील द्रव्यांचा निःसंकोच उपयोग करावा, आणि शरीरास ज्या कोनांत विश्रांति मिळते तोच कोन वस्तूस द्यावा. दुसरा विचार अतिवास्तववाद्यांचा. त्यांचें म्हणणें, मनुष्याचें खरें मन त्याच्या स्वप्नांत प्रगट होतें. मग घरांतील वस्तूंनीं तरी केवळ बुद्धीचें दास्य कां पत्करावें? साल्वादोर दाली ह्या स्पॅनिश चित्रकारानें मे वेस्ट ह्या अमेरिकन नटीच्या तोंडवळ्याचें एक चित्र काढलें होतें. त्यांत तिचे ओठ म्हणजे दिवाणखान्यांतला कोच, असें दाखविलेलें होतें. एडवर्ड जेम्स नांवाच्या इंग्रज धनिकानें ती कल्पना उचलून धरली आणि १९३८ च्या सुमारास तसे पांच कोच खरोखरच करवून घेतले. मेरेट ओपेनहाइम ह्या कलावतीनें १९३९ सालीं एक सोनेरी मेज योजिलें. त्याचे पाय पक्ष्याच्या पायांसारखे, आणि वरच्या फळीवर पक्षी नुकताच चालून गेल्यासारखे ठसे. अल्बेर्तो जाकोमेत्ती हा मूर्तिकारहि त्याच सुमारास पॅरिसमधील एका सजावटकारासाठीं दिवे व कुंड्या घडवीत असे. अशा रीतीनें कोच, मेज व दिवा ह्यांच्या मूर्ति झाल्या.

इंदूरचें सामान ह्या दुसऱ्या पंथाचें नव्हतें, तें पहिल्या पंथाचें होतें, हें येथेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. तथापि दोहोंत एक साम्य आहे. ह्या वस्तु बाजारांत जाऊन विकत घ्यावयाच्या नव्हत. त्यांच्या मागें एखादा हौशी, श्रीमंत व धाडसी आश्रयदाता उभा असावा लागे. इंग्लंडांत दालीस जेम्स भेटला. मुथेसियसास व त्याच्या सहकाऱ्यांस यशवंतराव भेटले.

माणिकबाग हा राजवाडा १९३० पासून पुढील तीन वर्षांत तयार झाला. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची ती इमारत बाहेरून इतकी साधी आहे कीं, राजवाडा म्हणून तिच्याकडे बोट दाखविल्यास मनुष्य चकित व्हावा. घुमट नाहींत, कमानींची रांग नाहीं, नगारखान्याचा थाट नाहीं. आंत मात्र हवा थंड राखण्याची यंत्रें, धातूच्या चौकटी, रंगीत कांचा, आणि दिव्यांपासून दाराच्या मुठींपर्यंत प्रत्येक वस्तु मुथेसियसानें स्वतः आंखलेली किंवा निवडलेली. हें सर्व सामान युरोपांत तयार होऊन समुद्रमार्गें हिंदुस्थानांत आलें. रुलमान ह्या प्रख्यात फ्रेंच कारागिरानें महाराजांच्या अभ्यासिकेसाठीं आबनुसी लांकडाचें मेज दिलें. लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स ह्या जोडीनें धातु व कांच ह्यांचे पलंग दिले. आगबोटीच्या डेकावरील खुर्चीवरून सुचलेली आयलीन ग्रेची आरामखुर्ची येथें होती. ल कॉर्बुझिए, जानरे व शार्लोत पेरियाँ ह्यांचें पोलादी नळ्यांचें लांबट आसनहि होतें, आणि त्यास बिबळ्याचें कातडें चढविलेलें होतें. जमिनीवर दा सिल्व्हा ब्रून्स ह्याचे गालिचे होते. मुथेसियसानें स्वतः केलेल्या तांबड्या आरामखुर्च्यांच्या पाठींतच वाचण्याचे दिवे बसविलेले होते. वाचतां वाचतां दिवा सरकविण्यासाठीं उठावें लागूं नये, एवढाच त्यांतला हेतु. राजाच्या घरीं नोकरांस तोटा नव्हता. तरी आपला दिवा आपण लावणारा राजा त्या खुर्चीच्या कर्त्यानें मनांत धरलेला होता. नव्या पोलादी आसनावरील बिबळ्याच्या कातड्याकडे पाहिलें कीं, आपल्याकडील व्याघ्रासनाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. परंपरा माणिकबागेच्या दारांतून बाहेर गेली खरी. पण जातांना आपलें आसन मागें ठेवून गेली.

ह्या राजवाड्यावर दोन आक्षेप सहज सुचतात. ज्या १९३० सालीं माणिकबागेचें काम सुरू झालें त्याच सालीं महात्मा गांधींनीं दांडीस मीठ उचललें. सारा देश परदेशी मालावर बहिष्कार घालीत असतां घरांतली मूठदेखील परदेशांतून आणविणें हें कालविसंगत होतें, हा पहिला आक्षेप. हा सर्व खर्च अखेरीस रयतेच्या घामांतून आला, हा दुसरा. दोन्ही आक्षेप खरे आहेत, आणि त्यांचें निरसन करण्याचा येथें प्रयत्न नाहीं. परंतु इतर संस्थानिक त्याच वर्षांत झुंबरें, सोनेरी मुलाम्याच्या खुर्च्या व इंग्रजी राजवाड्यांच्या नकला ह्यांवर पैसा उधळीतच होते. खर्च करावयाचाच, तर तो दुसऱ्याच्या जुन्या वैभवाच्या नकलेवर न करितां स्वतःच्या काळाच्या विचारावर करावा, ही यशवंतरावांची दृष्टि निश्चितच वरच्या दर्जाची होती.

आमच्या मतें खरें वैगुण्य निराळेंच आहे. महेश्वरास विणकर आणून वसविण्याचें व त्यांस आश्रय देण्याचें श्रेय अहिल्याबाईंकडे जातें, आणि तेथील लुगड्यांचा धंदा अद्यापि चालू आहे. माणिकबागेच्या बाबतींत तसें घडण्यास जागाच उरली नाहीं. वस्तु पूर्ण होऊन आल्या. त्या कशा होतात हें ज्ञान त्यांच्याबरोबर आलें नाहीं. पोलादी नळी कशी वांकवावी, कांच धातूंत कशी बसवावी, हें शिकून माळव्यांतील एखाद्या सुतारानें किंवा लोहारानें आपली स्वतःची खुर्ची केली असती, तर मूळचें सामान गेल्यावरहि त्याची पिढी मागें राहिली असती.

ह्या उणीवेची भरपाई होण्याचा एक प्रसंग आला होता, आणि तो हुकला. ब्रांकुशी ह्या पॅरिसवासी रुमानियन मूर्तिकाराचे ‘आकाशांतील पक्षी’ ह्या नांवाचे तीन शिल्पाकार यशवंतरावांनीं घेतले: एक कांस्याचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या संगमरवराचा. पंख नाहींत, चोंच नाहीं. उड्डाणाची वर झेपावणारी केवळ रेषा. ह्या पक्ष्यांसाठीं इंदुरास ध्यानाचें एक लहानसें मंदिर ब्रांकुशीनें बांधावें, असें ठरत होतें. एकांत, पाणी, वरून येणारा प्रकाश, आणि त्यांत हे पक्षी, अशी ती कल्पना. परंतु १९३७ च्या जुलै महिन्यांत संयोगिताबाई स्वित्झर्लंडांत निवर्तल्या. त्या वेळीं त्यांचें वय तेवीस वर्षांच्या आसपास होतें. त्यानंतरच्या हिंवाळ्यांत ब्रांकुशी इंदुरास येऊन गेला, पण मंदिराचा एकहि दगड रचला गेला नाहीं. अहिल्याबाईंच्या घराण्यांतील हें शेवटचें देऊळ कागदावरच राहिलें. तें झालें असतें, तर तेथें कोणत्या देवाची पूजा झाली असती हें सांगतां येत नाहीं. पण इंदूरचीं माणसें तेथें गेलीं असतीं, घटकाभर बसलीं असतीं, आणि कालांतरानें त्यास त्यांनीं आपलें म्हटलें असतें.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येण्याजोगा आहे. १९४८ सालीं इंदूर संस्थान मध्यभारतांत विलीन झालें. १९६१ च्या डिसेंबरांत यशवंतराव वारले. संगमरवराचे दोन्ही पक्षी १९७३ सालीं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहानें घेतले व ते आज कॅनबेरा येथें आहेत. कांस्याचा पक्षी कॅलिफोर्नियांतील नॉर्टन सायमन संग्रहालयांत आहे. राजवाड्यांतील सामानाचा लिलांव १९८० च्या मे महिन्यांत सोदबी ह्या लिलांवगृहानें माँटे कार्लो येथें केला. ज्या खुर्च्या, दिवे व पलंग एकमेकांच्या शेजारीं शोभावे म्हणून आंखले होते, ते एकेक करून निरनिराळ्या धन्यांच्या घरीं गेले. माणिकबागेची इमारत सरकारकडे गेली व तेथें केंद्रीय करखात्याची कचेरी बसली. अखेर २०१९ सालीं पॅरिसच्या सजावटकलांच्या संग्रहालयानें यशवंतरावांवर एक मोठें प्रदर्शन भरविलें, आणि विखुरलेल्या वस्तूंपैकीं पुष्कळशा तेथें कांहीं महिने पुनः एकत्र आल्या. त्या इंदुरास मात्र परत आल्या नाहींत.

ह्यांत कोणी चोरी केली असें नव्हे. वस्तु रीतसर विकल्या गेल्या, रीतसर विकत घेतल्या गेल्या, आणि जेथें आहेत तेथें त्यांची निगा उत्तम राहते. किंबहुना त्या येथेंच राहत्या तर त्यांची काय दशा झाली असती, ह्याचा विचार केला म्हणजे तक्रारीचा सूर आपोआप खालीं येतो. दालीचा ओठांचा कोच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे, आणि त्यावरहि कोणी बसत नाहीं. स्वप्नांतून निघालेला कोच काय किंवा बुद्धीनें रेखलेली खुर्ची काय, दोहोंची अखेर एकाच ठिकाणीं झाली. ज्या वस्तूवर एकाच घराचा हक्क असतो ती त्या घराबरोबर उठते. वस्तु कितीहि सुंदर असो, तिच्यावर चार माणसांचा लोभ जडला नाहीं, तर तिला जागेवर धरून ठेवणारें कोणी उरत नाहीं.

ही गोष्ट केवळ राजवाड्यांची आहे असें समजून वाचकांनीं निश्चिंत राहूं नये. मराठवाड्यांतील जुने वाडे पडत आहेत, आणि त्यांतील कोरीव खांब, तुळया, दारें व देवळ्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांच्या गाड्यांतून शहरांकडे जात आहेत. घरच्या माळ्यावर पडलेला पाळणा आपण अडगळ म्हणून मोडींत देतों. तोच शहरांतील एखाद्या उपाहारगृहांत शोभेसाठीं टांगलेला पाहून त्याची किंमत विचारतों, आणि ती ऐकून आश्चर्य करितों. त्या पाळण्यांत आपली आजी निजली होती, ही माहिती मात्र कोणत्याहि व्यापाऱ्याच्या वहींत चढलेली नसते. सर्वच वस्तु जपणें शक्य नाहीं, आणि सर्व जपण्यासारख्या असतात असेंहि नाहीं. परंतु घरांतून एखादी जुनी वस्तु निघण्यापूर्वीं ती कोणी केली, कोणत्या लांकडाची केली, तिच्यावर कोण बसलें, एवढें तरी मुलाबाळांस सांगून ठेवावें. आणि ती अजून भार सोसत असेल तर तिच्यावर बसावें.

परळीस दर्शन झाल्यावर यात्रेकरू देवळाच्या पायरीवर थोडा वेळ टेंकतात. कोणी शिदोरी सोडतो, कोणी लहान मुलास मांडीवर घेऊन वारा घालतो. ज्या पाथरवटानें ती पायरी घडविली त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं, आणि तिची किंमत कोणी कधीं ठरविलेली नाहीं. राणीसावरगांवाकडून आलेल्या म्हाताऱ्या माणसास तिच्यावर बसण्यासाठीं कोणाची परवानगी अजून घ्यावी लागत नाहीं.